जर्मलची होडी

महेबूब कल्हईवाल्याला भिंतीला पाठ लावून बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा दिला तर तो उभ्यानं प्यायचा, आणि पिता पिता कपाचा कान हलतोय का ते बोटानं चाचपून बघायचा. आमच्या तेर गावात त्याचं घर आमच्या मागच्या बोळात. घरात तो आणि त्याची बायको खैरुनबी, दोघंच. एकुलती एक लेक फरिदाबी अणदूरला दिलेली. घरात ती दोघं दखनी बोलत. मी ते माझ्या मराठीत सांगतोय, एवढं ध्यानात असू द्या.

त्याचा बाप आणि आजा भाता खांद्यावर टाकून गावोगाव फिरले, तसाच तोही फिरायचा. दिवाळी झाली की घर सोडायचा तो लग्नसराई संपेपर्यंत. आज या गावच्या पारावर भट्टी, परवा त्या गावच्या. खड्ड्यात कोळसे फुलवायचे, हंडा तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायची, कथील फिरवायचं आणि कापसाच्या बोळ्यानं एका झपाट्यात भांडं आतून चांदीसारखं करून टाकायचं. एका गावात तीन दिवस झाले की त्याचे तळपाय खाजायला लागत. कुणाच्या घरात कोणता हंडा आहे आणि त्याला कुठं पोचा आहे, हे त्याला त्या घरातल्या माणसांच्या नावांपेक्षा जास्त पाठ होतं.

बहात्तर सालच्या दुष्काळानं त्याची ही वाट मोडली. तो खडी फोडायला गेला, पण तसं तर सारं गावच गेलं होतं. त्याचं खरं नुकसान दुसरंच झालं. त्या एका वर्षात घराघरांतली तांब्या-पितळेची भांडी बाजारात गेली आणि त्यांच्या जागी जर्मल आलं. ॲल्युमिनियमला आमच्याकडं जर्मल म्हणतात. त्याला कल्हई लागत नाही. पुढं बरे दिवस आले तर बायका स्टीलवर भाळल्या, त्याला तर नाहीच लागत. महेबूब भाता घेऊन निघायचा आणि चार दिवसांत तोंड पाडून परत यायचा. शेवटी भाता आढ्याला टांगला. बादलीला बूड घाल, स्टोव्ह दुरुस्त कर, जर्मलच्या तपेल्याला ठिगळ लाव, अशी कामं दारातच सुरू झाली. हातांना काम मिळालं, पाय मात्र रिकामे राहिले. दुपारी उगाच एस.टी. स्टँडवर जायचा, धाराशिवची गाडी सुटेपर्यंत उभा राहायचा आणि घरी यायचा.

"कुठं गेला व्हता?" खैरुनबी विचारायची.

"गाडीकडं."

"कुणी येणार व्हतं?"

"न्हाय."

ती वाकळेला दोरा घालत राही.

त्र्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात कोंडिबा भोई त्याला हात धरून गावाजवळच्या धरणाच्या काठावर घेऊन गेला. कोंडिबा आमच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा चेअरमन. संस्था म्हणजे भोयांची बावीस घरं, आणि होडी एकही नाही. ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळी टाकायची, वारा सुटला की जीव मुठीत धरून काठ गाठायचा. धरण बांधताना मोजणीला आणलेली जर्मलची एक होडी धरणावरच्या चौकीच्या मागं उपडी पडली होती. नऊ-दहा हात लांब, दोन्ही कडा चेपलेल्या, बुडाला अंगठा जाईल अशी भोकं. तिच्याखाली कुणाची तरी शेळी व्यायली होती. संस्थेनं अर्ज करकरून ती मिळवली होती आणि आता तिचं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं.

"महेबूबभाई, हे काय हाय सांग," कोंडिबा म्हणाला.

"होडी."

"न्हाय. थोरलं पातेलं हाय. कर दुरुस्त."

महेबूबनं होडीवर एक टिचकी मारली. मग दुसरीकडं मारली. पाऊण तास तो तिच्याभोवती फिरत टिचक्या मारत होता. तिसऱ्या दिवशी होडी बैलगाडीवरून बोळात आली. बोळाच्या वळणावर अडकली तेव्हा माझ्या वडिलांनी आमच्या कुडाचा कोपरा काढून दिला. अंगणात ती ठेवल्यावर खैरुनबीला चुलीपासून न्हाणीपर्यंत जायला वळसा पडू लागला.

"किती दिवस?"

"पंधरा."

पंधरा दिवसांचे साडेतीन महिने झाले. चेपलेला पत्रा लाकडी हातोड्यानं सरळ करायचा, भोकावर ठिगळ ठेवायचं, मधे डांबरात भिजवलेलं कापड, आणि कडेनं रिबिटं, म्हणजे दोन पत्रे आवळून धरणारे बिनटोकाचे खिळे. रिबिटं त्यानं तांब्याची मारली. बाप मारायचा तशीच. तांब्यावर त्याचा जीव होता आणि हातही बसलेला होता.

श्रावणात होडी पाण्यात गेली. महेबूब जन्मात कधी पाण्यावर गेला नव्हता, पोहायलाही येत नव्हतं. होडी हलल्यावर तो उभाच राहिला, तर कोंडिबा ओरडला, "बस खाली, दोघांनाबी बुडवतूस का!" महेबूब बसला. परत आल्यावर म्हणाला, "पल्याड काय हाय बघितलं पाहिजे." पल्याड काहीच नव्हतं, बाभळी होत्या. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. त्या हंगामात संस्थेची जाळी पहिल्यांदा मधल्या खोल पाण्यात पडली. कटला मासा निघाला, हाताएवढी मरळ निघाली. दर आठवड्याला महेबूब काही ना काही कारण काढून होडीवर जायचा.

पुढच्या वर्षाच्या अखेरीस रिबिटांच्या भोवती पांढरी भुकटी दिसू लागली. त्यानं ती पुसली, ती पुन्हा आली. त्याला वाटलं, पाण्यातला क्षार असेल. पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात, भर दुपारी, धरणाच्या मधोमध, तो आणि कोंडिबा जाळं ओढत असताना बुडाचं एक ठिगळ टर्रकन सुटलं. डब्यानं पाणी उपसता उपसता दुसरं सुटलं. होडी अशी खाली गेली की कोंडिबाला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. त्यानं महेबूबच्या सदऱ्याची कॉलर दातात धरली आणि हात मारत काठ गाठला. जाळं गेलं. होडी चार दिवसांनी गळ टाकून बाहेर काढली.

संस्थेच्या बैठकीत लोक बोलायचं ते बोलले. "भांडी ठोकणाऱ्याच्या हाती जीव दिला," असं एकजण म्हणाला. कोंडिबा म्हणाला, "जीव माझा व्हता, मी बघून घेईन." महेबूबनं होडी पुन्हा अंगणात आणली आणि तिच्याभोवती फिरायला लागला. जेवण पुढं आलं की दोन घास खाऊन उठायचा. एक सुटलेलं ठिगळ हातात घेऊन बोळातून वर-खाली जायचा. असा आठवडाभर फिरला आणि एका सकाळी आमच्या दारात येऊन माझ्या आईला म्हणाला, "भाभी, तुमच्या त्या जुन्या जर्मलच्या डब्याला तांब्याची कडी हाय का?" आईनं डबा दाखवला. कडीच्या भोवतीचं जर्मल कुजून चाळणी झालं होतं, बाकी डबा धड.

"ह्यांचं जमत न्हाय," तो म्हणाला. "ओल लागली की तांबं जर्मलला खातं. मलाच कळाया पाहिजे व्हतं." त्याचा चेहरा असा झाला की जणू घरातल्याच माणसानं दगा दिला होता.

म्हणजे सगळी रिबिटं काढायची आणि जर्मलचीच मारायची. भंगारवाल्याकडून विजेच्या जाड तारेचे तुकडे आणले, त्याचं एकेक रिबीट कापून डोकं घडवलं. तोवर शहाऐंशी साल उजाडलं होतं. पाऊस दगा देऊन गेला होता आणि धरणाचं पाणी काठापासून अर्धा मैल आत सरकलं होतं. कोंडिबा येऊन म्हणाला, "महेबूबभाई, राहू दे आता. पाणीच न्हाय तर होडी कशाला?"

पण महेबूबला राहवेना. होडीत आता नुसती दुरुस्ती नव्हती, सुधारणा सुरू झाली होती. बसायच्या फळ्यांखाली त्यानं तेलाचे रिकामे डबे कथलानं झाळून घट्ट बंद करून बसवले, की पाणी भरलं तरी होडी तळाला जाऊ नये. मधोमध जाळीदार झाकणाचा हौद केला, मासे जिवंत राहावेत म्हणून. आणि एक दिवस मोडक्या छकड्याचा कणा आणि मोटारसायकलची दोन चाकं घेऊन आला.

"चाकं कशाला?" मी विचारलं.

"इथलं पाणी आटलं तर दुसरीकडं असंल की. होडीनं जावं तिकडं."

याच दिवसांत खैरुनबी लेकीच्या बाळंतपणाला अणदूरला गेली होती. महिन्यानं परत आली, पिशवी खाली ठेवली, आणि होडीच्या नाकाकडं बघत उभी राहिली. तिथं एक मोठं नवं ठिगळ होतं. त्या ठिगळावर ठोक्यांनी काढलेलं तिच्या बापाचं नाव अर्धं दिसत होतं.

"हे माझं पातेलं हाय."

तिच्या निकाहात बापानं दिलेलं, पन्नास माणसांचा पुलाव होईल असं जाड जर्मलचं पातेलं.

"एवढा जाड पत्रा बाजारात मिळत न्हाय," महेबूब म्हणाला.

"मला इचारलं?"

"तू इथं नव्हतीस."

"मी अणदुरात व्हते. कबरीत न्हवते."

त्यानंतर ती बोलायची थांबली. भाकरी वेळेवर मिळायची, शब्द मिळायचा नाही. आणि नेमकं तेव्हाच महेबूबला दुसऱ्या माणसाची गरज होती. तांब्याची रिबिटं सवयीच्या हातानं त्यानं एकट्यानं मारली होती, पण जर्मलच्या रिबिटाला दोघं लागतात. होडी उपडी ठेवायची, एकानं बाहेरून डोक्यावर हातोडा मारायचा, दुसऱ्यानं आत बसून दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. मग ते टोक आतून फुलतं आणि घट्ट बसतं. ठोकळा हलला की रिबीट वाकडं. शेजारपाजारचे एक-दोघं आत शिरले आणि उकाड्यानं बाहेर आले. मीही अर्धा दिवस गेलो आणि सात रिबिटं वाकडी केली. महेबूब ठोकळ्याला दगडाचा टेकू देऊन एकटाच मारू बघायचा. एक मारायचा, आत शिरायचा, शिवी द्यायचा, ते काढायचा, पुन्हा मारायचा.

नवव्या दिवशी सकाळी तो बाहेर हातोडा घेऊन उभा असताना होडीच्या आतून ठोकळा आपटल्याचा आवाज आला.

"ठोका," खैरुनबीचा आवाज.

तो वाकून होडीच्या कडेखालून आत बघू लागला.

"ठोका की! ही अर्धवट ठकठक ऐकून माझं डोकं उठलंय. एकदाचं संपवा."

मग रोज सकाळी, ऊन चढायच्या आत, लिंबाच्या सावलीत त्यांचं काम चाले. आमच्या मागच्या दारात मला सगळं ऐकू यायचं. ती आतून सांगायची, "हितं एक चांदणी हाय." पत्र्यात बारीक भोक असलं की बाहेरचा उजेड आत टिपक्यासारखा दिसायचा. महेबूब खडूनं खूण करायचा. आधी एवढंच बोलणं. मग हळूहळू ती बोलू लागली. तोंड दिसत नव्हतं म्हणून असेल, पण समोरासमोर जे बावीस वर्षांत बोलली नव्हती ते ती होडीखालून बोलली.

"तुमी दिवाळीला जायचा. उन्हाळ्यात यायचा. मी काय करायची ठावं हाय?"

"वाकळा शिवायचीस."

"ते हातांचं झालं. मी ह्या अंगणात फिरायची. ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत. फरिदा म्हणायची, अम्मी, बस ना. पाय काय तुमालाच हाइत व्हय?"

हातोडा थांबला.

"थांबू नका. ठोका."

तो ठोकू लागला, पण पुढची दोन रिबिटं वाकडी बसली. तिचा ठोकळा जागचा हलला नव्हता, चूक हातोड्याची होती.

सगळं झाल्यावर अडचण आली ती पाण्याची. होडी गळते का हे बघायला ती पाण्यानं भरावी लागते, आणि धरणात उरला होता नुसता गाळ, गावात टँकर तीन दिवसांआड. पिण्याच्या घागरी ओळीनं उभ्या असताना होडीत पाणी ओतायचं म्हटलं असतं तर लोकांनी दोघांनाही होडीत घालून धरणावर पाठवलं असतं. महेबूब दोन दिवस तळमळला. मग त्यानं आढ्याचा भाता काढला. होडी उपडी ठेवून कडा राखेनं आणि गोणपाटानं बुजवल्या, एका बाजूनं ओल्या पाल्याचा धूर भात्यानं आत भरला. अंगण धुरानं भरलं, मी खोकत बाहेर पळालो. पत्र्यावर सहा जागी धुराच्या बारीक रेघा निघाल्या. खैरुनबीनं सहाही जागी खडूनं फुल्या मारल्या. चार दिवसांनी पुन्हा धूर भरला तेव्हा एकही रेघ निघाली नाही.

मे महिन्याच्या शेवटी बोरजवाडीचे सरपंच आण्णासाहेब कोंडिबाकडं आले. गाव दोन कोसांवरचं. त्यांच्या पाझर तलावात एकच डोह उरला होता, त्यातच गावाचं पिण्याचं पाणी आणि त्यातच मागच्या वर्षी सोडलेले मासे. मासे तोंड वर काढून मरू लागले होते. ते पाण्यात कुजले तर गावाला घोटभर पाणी राहणार नव्हतं. काठाला कंबरभर गाळ, माणूस आत गेला की रुतायचा आणि पाणी गढूळ व्हायचं.

"होडी हाय म्हणं तुमची. चाकांवरची."

कोंडिबानं महेबूबकडं बघितलं. "गळणार न्हाय न्हवं?"

"न्हाय."

"मागच्या टायमालाबी न्हाय म्हणला व्हतास."

"मागच्या टायमाला मी एकटा व्हतो," महेबूब म्हणाला.

निघायच्या दिवशी खैरुनबी पिशवी घेऊन दारात उभी.

"तू कुठं?" महेबूबनं विचारलं. "परक्या गावात, बाप्यांत... लोक काय म्हणतील?"

"लोकांना ठोकळा धरता येतो का?"

बैलगाडीच्या मागं होडी बांधली, आणि होडीत हातोडा, तारेचे तुकडे आणि खैरुनबी. तेरच्या रस्त्यानं चाकांवरची होडी जाताना एस.टी.च्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून बघितलं.

पहिल्या दिवशी कोंडिबा आणि महेबूबनं डोहात सकाळपासून जाळी फिरवली. जिवंत मासे मधल्या हौदात, मेलेले वेगळे. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत होडी पाण्याखालच्या कशाला तरी धडकली आणि कर्र असा आवाज झाला. तलावात बुडालेल्या जुन्या विहिरीचा दगडी खांब होता. बुडाला वीतभर चीर. पाणी आत आलं, पण डब्यांनी होडीला वर धरलं. दोघांनी ती काठाला आणली, लोकांनी दोर लावून गाळावरून वर ओढली. कोंडिबाचा रंग उडाला होता.

होडी काठावर उपडी केली. सारं गाव जमलं. ठिगळाला पत्रा नव्हता. सारजाबाई नावाची एक म्हातारी डोईवरची जर्मलची परात पुढं करून म्हणाली, "ही घे बाबा."

महेबूबनं परात हातात घेतली आणि विचारलं, "मावशी, कापावी लागंल. कापू न्हवं?"

"आता आलं इचारायला," होडीखालून आवाज आला. खैरुनबी आधीच आत शिरली होती.

उन्हानं पत्रा तापला होता. सारजाबाईनं आपलं घोंगडं वरून टाकलं. तासभर ती आत बसून होती आणि महेबूब ठोकत होता. बाप्ये आधी कुजबुजले. मग त्यांच्यातल्याच एकानं घोंगड्याची एक बाजू उचलून धरली, म्हणजे आत वारा जावा. खैरुनबी बाहेर आली तेव्हा तिचा पदर घामानं अंगाला चिकटला होता आणि तळहातावर ठोकळ्याचा चौकोन लाल उमटला होता. बायकांनी तिला पाणी दिलं. त्या दिवसांत बोरजवाडीत पाणी देणं म्हणजे काय होतं, ते तिनं तांब्याकडं बघूनच ओळखलं असावं. ती अर्धंच प्याली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत डोह मोकळा झाला. सगळे मासे जिवंत हाती आले नाहीत. चौथा हिस्सा तरी मेलेलाच निघाला, तो खड्डा करून पुरला, जिवंत होते ते बाजारात गेले. पण पाणी राहिलं. पाऊस पडेपर्यंत ते गावाला पुरलं.

त्या उन्हाळ्यात आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात होडी सात तलावांवर गेली. प्रत्येक ठिकाणी दोघं बरोबर. कोंडिबानं महेबूबला संस्थेचा सभासद करून घ्यायचा ठराव मांडला, तर पहिल्या वर्षी तो पडला. भोयांच्या संस्थेत कल्हईवाला कसा, असं काही जण म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ती बावीस घरं पिढ्यान् पिढ्या पाण्यावर जगत होती. दुसऱ्या वर्षी पुन्हा मांडला, तेव्हा ज्या माणसानं "भांडी ठोकणारा" म्हटलं होतं त्यानंच आधी हात वर केला. महेबूब त्या बैठकीला नव्हताच. एका तलावावर होता.

अठ्ठ्याऐंशीला पाऊस चांगला झाला. पुढं माकणीला धरणात पाणी साठायला लागलं आणि तिकडच्या मच्छीमारांनी महेबूबला बोलावलं. महिन्याभरासाठी म्हणून गेलेली दोघं तिथं काठावर खोपट घालून राहिली. एकोणनव्वदच्या थंडीत मी कामानं लोहाऱ्याला गेलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून त्यांना भेटलो. खोपटाच्या बाहेर नव्या पत्र्याची दुसरी होडी अर्धवट उभी होती. तेरच्या संस्थेची एक होडी आणली, तिच्या बदल्यात त्यांना दोन करून द्यायच्या, असं महेबूब म्हणाला. ती काही पुरी झाली नाही. पुढल्या वर्षी दोघं तिसऱ्याच एका तलावावर गेली. त्या दिवशी मात्र तो त्या नव्या होडीभोवती फिरत मला कुठं काय करणार ते दाखवत होता आणि मी त्याच्यामागं फिरून दमलो होतो.

"तेरला कधी येणार?" मी विचारलं. "घराचं कुलूप गंजलंय."

महेबूबनं बायकोकडं बघितलं. खैरुनबी जुन्या होडीत बसून वल्ह्याला बांधलेली दोरी आवळत होती. वल्हवायला ती माकणीतच शिकली होती.

"येऊ की," ती म्हणाली, "पण आज न्हाय." आणि वल्हं काठाला टेकवून तिनं होडी पाण्यात लोटली. महेबूब हातातला हातोडा तिथंच टाकून, गुडघाभर पाण्यातून धावत जाऊन मागून चढला.